एकोबाची धाकटी

१

लाकूड कुजायला लागलं की त्याच्या जमिनीकडच्या अंगाला एक पातळ थर धरतो. पांढरा, राखाडी, कधी मळकट पिवळा. त्याला छत्री नसते, देठ नसतो. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चुना सांडला आणि पुसायला विसरला. ही खपली म्हणजे बुरशीच, पण बुरशीचा अभ्यास करणारेही तिला फारसं विचारत नाहीत. हुशार मंडळी छत्र्यांच्या मागे गेली, त्याहून हुशार मंडळी औषधी बुरशीच्या मागे गेली, आणि उरलेल्या खपल्या या गोष्टीतल्या गृहस्थांच्या गळ्यात पडल्या. त्यांनी त्या हौसेने पडू दिल्या.

एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर त्यांची खोली होती. लांबट, एकाच खिडकीची. भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांत खोकी, खोक्यांत कागदाच्या पुड्या आणि प्रत्येक पुडीत सालीचा नाहीतर फांदीचा एकेक वाळका तुकडा. सकाळी येऊन पुडी उघडायची, ब्लेडने खपलीचा पातळ काप काढायचा, काचपट्टीवरच्या थेंबात बुडवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. वरून सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन खपल्या आतून एकमेकींच्या कुणी नसतात, आणि वरून ज्यांचं काही जुळत नाही त्या आतून एकच निघतात. कोण कुणाची हे ठरवणं हेच त्यांचं काम.

त्यातही त्यांचा हातखंडा होता तो दोनाचं एक करण्यात. दोन म्हणून नोंदलेल्या जाती मुळात एकच आहेत हे सिद्ध करायचं आणि छापायचं. छापून आलं की जुनं नाव राहतं आणि नंतरचं बुडतं, असा या धंद्याचा नियम आहे. यावरून संस्थेत त्यांचं नाव पडलं एकोबा, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. एखाद्या म्हाताऱ्या संशोधकाने आयुष्यभर जपलेली जात एकोबा एका दुपारी बुडवत आणि शीळ घालत घरी जात.

"सर, वाईट नाही वाटत?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी एकदा विचारलं होतं.

"बाई, जी नव्हतीच ती गेली म्हणून कसलं वाईट वाटायचं?"

घरी बायको आणि दोन मुली. थोरली आणि धाकटी. दोघींच्या वयात थोडंच अंतर, केस सारखे, आवाज सारखा, चालणं सारखं. बीजाणूच्या लांबीतला नखभरही नसलेला फरक पकडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुली पाठमोऱ्या ओळखू येत नसत. हाक मारायची एकीला आणि नाव घ्यायचं दुसरीचं, हे रोजचंच. वर पाहुण्यांसमोर धाकटीच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "ही काय, ताईची दुसरी प्रत." सगळे हसत. धाकटीही हसायची, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

२

संस्थेच्या फाटकावर दोन पहारेकरी होते. एक जुना, मिशीवाला, अबोल. दुसरा नुकताच लागलेला पोरगेला, सदा काहीतरी गुणगुणणारा. दोनाचं एक करणाऱ्या एकोबांच्या एका लेखाचा अंक छापून आला त्या दिवशी फाटकावर मिशीवाला एकटाच बसलेला दिसला. दुसरा असेल रजेवर, असं म्हणून एकोबा आत गेले. आठवडाभर तसंच दिसल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा जोडीदार कुठंय?"

"कसला जोडीदार, साहेब? या फाटकावर मी एकटाच असतो पहिल्यापासून."

तो जेवायला बसला होता. पुढ्यात दोन डबे उघडे होते. एक संपवून तो दुसऱ्याला लागला होता, आणि भूक संपल्याचं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. कपाळावर घाम होता.

"दोन डबे?"

"बायको देते. का देते तिलाही सांगता येत नाही. आणि टाकवत नाही हो." त्याने आणखी एक घास कोंबला, चावता चावता दोन ओळी गुणगुणला आणि एकदम थांबला. हे आपल्याच तोंडून निघालं का, अशा नजरेने त्याने एकोबांकडे पाहिलं.

एकोबांनी कार्यालयात चौकशी केली. तिथेही हेच उत्तर, वर थोडं हसू. आपलीच काहीतरी गफलत झाली असेल, दुसऱ्या कुठल्या फाटकावरचा माणूस डोक्यात राहिला असेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

बायकोला दोन मावश्या होत्या. दोघी एकाच घरात राहायच्या, दिवसभर भांडायच्या आणि सुट्टीच्या सकाळी एकमेकींच्या हातातून फोन ओढून घेत भाचीशी बोलायच्या. एकोबांना त्या दोघींचा मनस्वी कंटाळा. त्यांचा पुढचा लेख आला त्यानंतरच्या सुट्टीला फोन वाजला, बायको बोलली, आणि नेहमीपेक्षा फारच लवकर फोन ठेवायला निघाली.

"आज धाकट्या मावशी बोलल्या नाहीत वाटतं?"

"कुठल्या धाकट्या मावशी?" बायकोने फोनवर हात ठेवून विचारलं. "अहो, मला मावशी एकच. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढंही लक्षात राहू नये माणसाच्या?"

एकोबांनी फोन घेतला. मावशींनी जावयाची नीट चौकशी केली. मग त्यांच्या बोलण्यात मध्येच एक बारीक, चिडका आवाज शिरला, "पुरे झालं, आता मला बोलू दे." त्यावर मावशी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "थांब ग जरा."

"मावशी, तुमच्याजवळ कोण आहे?"

"कोण असणार जावईबापू? मी एकटीच असते." त्या रडवेल्या झाल्या होत्या. "पण हल्ली एकटं असं वाटतच नाही बघा."

एकोबा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, मायक्रोस्कोप कमी करा आणि झोप वाढवा म्हणून सांगितलं. सल्ला एकोबांना पटला. बुरशीच्या कागदावरच्या नावांनी माणसं बुडतात हे शहाण्या माणसाने मानायचं नसतं. त्यांनीही मानलं नाही. फक्त एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं, की दोन्ही वेळा अंक नुकताच छापून आला होता, आणि दोन्ही वेळा नंतर आलेलं माणूस गेलं होतं. आधी फाटकावरचं, मग बायकोच्या माहेरचं. जे काही होतं ते घराकडे सरकत होतं.

४

टेबलावर पुढचं काम तयारच होतं.

एकोबांनी उभ्या आयुष्यात दोनच जातींना स्वतः नावं दिली होती. दोन्ही राखट पांढऱ्या खपल्या. पहिली एका पडलेल्या फांदीवर सापडली, थोरली झाली त्या वर्षी. दुसरी एका कुजक्या उंबऱ्याखाली, धाकटी झाली त्या वर्षी. जगभरच्या लोकांच्या जाती बुडवून झाल्यावर संस्थेच्या संचालकांनी त्यांना सर्वांसमोर डिवचलं होतं, "एकोबा, स्वतःच्या दोन कधी तपासणार? की तिथे हात आखडतो?" तेव्हा एकोबा तावातावाने तपासतो म्हणून बसले होते.

तपासायची रीत साधी. दोन्ही बुरश्या जिवंत वाढवायच्या आणि एकाच काचेच्या बशीत समोरासमोर सोडायच्या. वेगळ्या असतील तर एकमेकींजवळ येऊन थबकतात आणि मध्ये काळी रेघ उमटते. एकच असेल तर ती स्वतःलाच भेटते, आणि रेघ उमटायचं कारण राहत नाही.

बाईंनी बशी खिडकीच्या उजेडात धरली. "सर, शोधूनही रेघ सापडत नाही. कुठली कुठं संपली तेच कळत नाही."

एकोबांनी बशी हातात घेतली आणि तिच्याखाली लिहिलेली दोन वर्षं वाचली, थोरलीचं आणि धाकटीचं.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मुलींच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून एकाच मुलीच्या बोलण्याचा आवाज येत होता. ती विचारत होती, तीच उत्तर देत होती. एकोबांनी दार ढकललं. पलंगावर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, आणि दोघींच्या केसांची मिळून एकच वेणी घातलेली होती. घट्ट, शेवटपर्यंत. टोकाला फीत.

"बाबा, बघा," दोघी मान न वळवता म्हणाल्या. "आम्ही एकच."

साधा पोरखेळ होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते हसले असते. त्यांनी झडप घालून वेणी धरली आणि ओरबाडून सोडवायला लागले. कुठले केस कुणाचे ते उलगडेना. मुली कळवळून ओरडल्या, बायको धावत आली. सुटली तेव्हा त्यांच्या मुठीत केसांचा एक झुबका राहिला होता. धाकटी डोकं चोळत रडत होती. निदान त्यांना वाटलं की ती धाकटी असावी.

५

लेख द्यायचाच नाही, हा पहिला विचार. पण त्यात अर्थ नव्हता. दोन्ही बुरश्या पाच-सहा संस्थांत जिवंत होत्या. आज एकोबांनी सोडलं तर उद्या दुसरा कुणी हौशी उठून तीच बशी मांडणार आणि छापून मोकळा होणार.

मग खोटं लिहायचं. दोन्ही वेगळ्या आहेत, बीजाणूंच्या लांबीत थोडा फरक आहे, असं. पण इथे एकोबांचा आयुष्यभराचा अनुभव आडवा आला. शेजारशेजारच्या दोन जाती दिसल्या की प्रत्येकाच्या हाताला खाज सुटते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? थोडा फरक लिहिला तर तो फरक खोडायला उद्या शंभर जण बसतील. फरक असा हवा की दोघींना शेजारी ठेवून बघण्याचं कुणाच्या डोक्यातही येऊ नये. खोटं बोलायचं तर भक्कम बोलायचं.

त्याला एकच शब्द पुरत होता. बीजाणूंवर आयोडीनचा थेंब टाकला की काही खपल्यांचे बीजाणू निळे पडतात, बाकीच्यांचे पिवळसरच राहतात. एकोबांच्या दोघी पिवळसरवाल्या. दुसरी निळी पडते, आधी पाहण्यात चूक झाली होती, एवढं लिहिलं की ती या गटातून उठली आणि थेट दुसऱ्या टोकाच्या गटात जाऊन बसली. पहिलीशी तिचं नातं उरत नाही. लांबचंसुद्धा नाही.

त्यांनी लिहिलं, निळी.

बाईंनी मसुदा वाचला. "सर, मीच थेंब टाकला होता. निळं पडलं नाही."

"तुम्हाला नीट दिसलं नसेल."

"सर, मी तीनदा..."

"बाई, तुमची नोकरी कायम करायची शिफारस माझ्याच सहीने जायची आहे," एकोबा शांतपणे म्हणाले. "डोळ्यांचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. म्हणजे तसं कळवता येईल."

बाई बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी मसुदा मिटून पाकिटात घातला. एकोबांनी बशी उकळत्या भांड्यात टाकली, लेख पाठवून दिला, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला. आपण पोरीला वाचवलं, असं त्यांना वाटलं. त्या आनंदात ते धाकटीसाठी नवा फ्रॉक घेऊन घरी गेले.

६

अंक घरपोच आला तो सुट्टीच्या दिवशी, लख्ख उन्हात. एकोबांनी पाकीट फाडून पान काढलं. शब्द जिथल्या तिथे होता. त्यांनी कान दिला. बाहेर जिन्यात दोन मुली धावत होत्या. दोन जोड्या पावलं, दोन हसणी. त्यांनी अंक मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना रडू येत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

जिन्यात कुणीतरी धडपडलं. धाकटी लंगडत आत आली, मागून थोरली. धाकटीच्या नव्या फ्रॉकची कड फाटली होती आणि गुडघा सोलवटला होता.

"तरी सांगत होते जिन्यात पळू नका," म्हणत बायकोने कापूस आणि आयोडीनची बाटली आणली. मांडीवर पाय घेतला, फुंकर घातली, बोळा टेकवला.

गुडघा निळा पडला.

टेकवला तिथे आधी, मग कडेकडेने पसरत गर्द निळा. बायकोचा हात थांबला. तिने ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बोळा टेकवला. पुन्हा निळा. मग तिने थोरलीचं मनगट ओढलं आणि त्यावर एक थेंब टेकवला. पिवळा. नेहमी पडतो तसा.

बायकोने मांडीवरचा पाय हलकेच उचलून खाली ठेवला.

"बाळा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज परक्या मुलांशी बोलताना होतो तसा गोड झाला होता, "तू कुठल्या मजल्यावरची ग? घरी वाट बघत असतील ना?"

"आई, असं काय करतेस?"

"अहो," बायको एकोबांकडे वळली, "ही मला आई का म्हणते?"

"ही रोज येते," थोरली मनगट पुसत म्हणाली. "सारखी माझ्या मागे लागते. मी करते तेच करते."

धाकटीने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मस्करी कधी संपते याची वाट पाहिली. ती संपली नाही. मग ती एकोबांसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

एकोबांना सांगायचं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यभर घासून तयार केलेली ती नजर आपलं काम करू लागली. हनुवटी घरातली नाही. कान नाहीत. भुवया कुणासारख्याच नाहीत. ही आपलीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ते कशावरून हे दाखवायला हाती काही उरलं नव्हतं. त्यांनी नाव घ्यायला तोंड उघडलं. नेहमी चुकीचं तरी नाव यायचं. आज तेही येईना.

लेख खोटा होता असं उद्याच छापता आलं असतं. त्यांना तो रस्ता दिसत होता आणि त्याचं टोकही दिसत होतं. मग त्या दोघी एकच ठरल्या असत्या, आणि मागाहून आलेली बुडाली असती. जुनीच्या पोटात. ती ताईच्या तोंडून मध्येच कधीतरी बोलली असती. इथे नाहीतर तिथे, ती जाणारच होती. आणि हे सगळं मनात चालू असताना, खाली खोलवर कुठेतरी, एकोबांना हायसं वाटत होतं की थोरली शाबूत आहे. त्या वाटण्याची त्यांना किळस आली. पण ते होतं.

"चल," ते म्हणाले. "तुला खाली सोडतो."

७

जिना उतरताना तिने त्यांचं बोट धरलं होतं. वरच्या वळणावर ती हुंदके देत होती. मी पुन्हा ताईसारखं करणार नाही, असं म्हणत होती. एकोबा पायऱ्यांकडे पाहत होते. मधल्या वळणावर तिचं रडणं थांबलं. खाली पोचेपर्यंत तिने बोट सोडलं होतं.

तिने फ्रॉक नीट केला, डोळे पुसले आणि शिकवल्यासारखं म्हणाली, "काका, इथून मी जाईन."

"कुठे जाशील?"

"घरी."

"कुठंय तुझं घर?"

तिने बराच विचार केला. "असेल ना कुठेतरी," ती म्हणाली. "विचारत जाते."

एकोबा वर आले. बायकोने पाणी दिलं, थोरली त्यांना टेकून बसली. दारात पडलेला निळा बोळा बायकोने उचलून टाकला. थोड्या वेळाने अगदी खालच्या मजल्यावर एक घंटा वाजली. दार उघडलं. बारीक आवाजात कुणीतरी काही विचारलं. नाही ग बाई, असं कुणीतरी म्हणालं. दार लागलं. शेजारची घंटा वाजली. दार उघडलं, दार लागलं. मग पायऱ्यांवर पावलं, एक पाय जरा ओढत टाकलेला, आणि त्यावरच्या मजल्यावरची घंटा.

पहिलं दार ऐकलं तेव्हा आता धावत जावं, तिला उचलून आणावं, असं एकोबांना वाटलं. ते उठलेसुद्धा. थोरलीने विचारलं, "बाबा, कुठे?" आणि ते पुन्हा बसले. दुसऱ्या दाराला त्यांना नुसतं वाईट वाटलं. त्यानंतरच्या दारांना ते आपण कशाकडे कान लावून बसलो आहोत हे आठवण्याचा प्रयत्न करत होते. काहीतरी होतं खरं. थोरलीने अंकाचं पान पुढे करून बुरशीचं चित्र कुठलं म्हणून विचारलं. त्यांनी दाखवलं. ही खपली आणि ती खपली, अगदी लांबच्या, त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना आपण हे किती नीट मांडलं आहे याचं त्यांना समाधान वाटलं.

त्यांच्या दाराची घंटा वाजली.

"अहो, बघता का?" बायको आतून म्हणाली. तिचे हात ओले होते.

एकोबा उठले, आणि दाराच्या भिंगाला सवयीने डोळा लावला. बाहेर एक मुलगी उभी होती. फ्रॉक नवा पण फाटलेला, गुडघ्यावर निळा डाग. ती दाराच्या चौकटीकडे, पायपुसण्याकडे, बाजूला काढलेल्या छोट्या चपलांकडे निरखून पाहत होती. तिने एक चप्पल पायात घालून पाहिली. ती तिला नीट बसली.

"कोण आहे हो?"

"कुणाची तरी मुलगी आहे," एकोबा म्हणाले. "चुकून आपल्याकडे आलीय." आणि हे सांगताना त्यांना खोटं बोलावं लागलं नाही.